बेटकुळी आणि उंदीर

हाताचं प्लास्टर निघालं की आमच्याकडची पोरं कोपर किती वळतंय ते बघत नाहीत, आधी बेटकुळी काढून बघतात. गेल्या महिन्यात येळ्ळूरचं एक दहा वर्षांचं पोरगं आजोबांचं बोट धरून क्लिनिकमध्ये आलं. पेरूच्या झाडावरून पडून कोपराजवळ हाड मोडलेलं, चार आठवडे हात गळ्यात. मी कोनमापक लावून आकडे लिहीत होते, तर आजोबा मधेच म्हणाले, "ते आकडं ऱ्हाऊ दे बाई. बेटकुळी काढ रे बघू. हाय का गेली?" पोरानं मूठ आवळली, ओठ दातांत धरले. काटकुळ्या दंडावर कातडीखाली लिंबाएवढं काहीतरी उठलं, थरथरलं आणि परत सपाट झालं. आजोबा खूश. "हाय की! जित्ती हाय बेडकी."

बेटकुळी म्हणजे बेडकुळी, लहानशी बेडकी. उडी मारायच्या बेतात बेडूक दबून बसावा तसा तो उंचवटा दिसतो. आजोबा तालमीतले असणार, कान चुरगळलेले होते त्यांचे. हेच जर कुणी रोममधले आजोबा असते तर नातवाला म्हणाले असते, "उंदीर काढ रे बघू." कारण मसल हा शब्द लॅटिन 'मुस्कुलुस'वरून आला, आणि मुस्कुलुस म्हणजे उंदराचं पिल्लू. 'मूस' म्हणजे उंदीर. त्याआधी ग्रीकांकडेही तेच. त्यांचा 'म्यूस' म्हणजे उंदीरही आणि स्नायूही. अंगदुखीला डॉक्टर आजही मायाल्जिया लिहितात, त्यातल्या 'माय'मध्ये तोच ग्रीक उंदीर दडलेला असतो. आपला मूषक याच बिळातला. गणपतीच्या पायाशी लाडू धरून बसतो तो आणि दंडात फुगतो तो, दोघंही एका शब्दाची पोरं.

हे मला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. एका दोनशे पानी वहीनं शिकवलं.

खानापूर तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कशीबशी इंग्रजीतून, आणि मग बेळगावात फिजिओथेरपी. पहिल्या वर्षाला अॅनाटॉमी. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, लॅटिसिमस डॉर्साय, असली नावं फळ्यावर उमटायला लागली तेव्हा मला वाटलं, हे सगळं इंग्रजी आहे आणि मला इंग्रजी येत नाही म्हणून डोक्यात शिरत नाही. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलींच्याही डोक्यात ते शिरत नाही हे कळायला महिना गेला. कळलं त्या दिवशी मेसमध्ये मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

रूममेट अथणीची. तिची शाळा कन्नड, मराठी बाजारापुरतं. माझी शाळा मराठी, कन्नड बसस्टँडपुरतं. इंग्रजी दोघींचंही परीक्षेपुरतं. रात्री कॉटवर हाडं मांडून बसायचो आणि एकमेकींना आपापल्या भाषेत समजावायचो. त्यातून वहीत तीन रकाने पडले: पुस्तकातलं नाव, मराठी नाव, कन्नड नाव. पुढे लायब्ररीत एक जाडजूड वैद्यकीय शब्दकोश सापडला. त्यात प्रत्येक नावाशेजारी बारीक अक्षरांत त्याचं मूळ दिलेलं असायचं. मग चौथा रकाना आला, ग्रीक.

हाडं म्हणजे खरी हाडं. सीनियर मुलींकडून निम्म्या किमतीला घेतलेला अर्धा संच. दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासाला म्हणून मी तो पिशवीत घालून घरी नेला. आईनं पिशवीत डोकावून बघितलं आणि उंबऱ्यातच आडवी आली. "कुणाच्या की काय अस्थी! दिवाळीच्या दिवसांत घरात नकोत." शेवटी पिशवी गोठ्यात, म्हशीच्या दावणीवर खुंटीला लटकली, आणि मी तिथंच कंदिलात ऊर्वस्थीवरचे, म्हणजे मांडीच्या हाडावरचे उंचवटे पाठ केले. आई अस्थी म्हणाली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. वही भरायला लागल्यावर दिसलं की ग्रीक 'ओस्टेऑन', लॅटिन 'ओस' आणि आईची अस्थी ही एकाच घरातली माणसं. जानु, ग्रीक 'गोनु', लॅटिन 'गेनु'. भ्रू, ग्रीक 'ओफ्रूस'. यकृत आणि लॅटिन 'येकुर'. हार्टच्या डॉक्टरच्या पाटीवर असतं ते कार्डिया आणि आपलं हृदय हेही चुलत चुलत भाऊच. गोठ्यात टांगलेल्या त्या पिशवीतला ऑस्टिओ आणि आईच्या तोंडातली अस्थी एकमेकींना ओळखत होत्या. ओळख नव्हती ती मला.

पण अशा सोयरीकीपेक्षा मला जास्त मजा वाटायची ती नात्यागोत्याचा शब्द नसताना नजर जुळायची तेव्हा. पटेला. गुडघ्याची वाटी. परीक्षकांनी विचारलं की आम्ही छाती पुढे काढून "सेसमॉइड बोन", म्हणजे स्नायूच्या दोरीत बसलेलं हाड, म्हणायचो, पण लॅटिनमध्ये पटेला म्हणजे सरळ लहान ताटली, वाटी. रोमन लोक घरच्या देवांना नैवेद्य दाखवायचे तो असल्याच पटेलात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तिकडं कुणीतरी गुडघ्याचं हाड हातात घेऊन म्हणालं, अरे ही तर वाटी, आणि इकडं आमच्या आजीची आजीही तेच म्हणाली. दोघींची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पालथं घातलेलं ते हाड वाटीसारखंच दिसतं, एवढंच.

खुब्याच्या खोबणीला अॅसेटाब्युलम म्हणतात. हा शब्द मला चार दिवस छळत होता. फोड केल्यावर काय निघालं? 'असेटुम' म्हणजे व्हिनेगर, आंबलेली दारू. अॅसेटाब्युलम म्हणजे जेवताना ताटाजवळ ठेवायची व्हिनेगरची वाटी. ग्रीक त्याच खोबणीला 'कोटुले' म्हणायचे, म्हणजे पेला. मराठी पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात, आणि इथं मात्र मी आपल्या माणसांना जास्त मार्क देते. वाटीत नुसता आकार आहे. उखळीत मुसळही आलं, फिरणंही आलं. मांडीचं हाड त्या खोबणीत जसं घुमतं ते वाटी म्हणून कळत नाही, उखळ म्हणून कळतं.

शाळेच्या पुस्तकातली सगळीच मराठी नावं अशी नव्हती, हेही सांगायला पाहिजे. पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाला, फिब्युलाला, मी वहीत लिहिलं होतं 'बहिर्जंघास्थी'. रूममेटनं ते अक्षर अक्षर जुळवत वाचलं आणि विचारलं, "हे नाव आहे की शाप?" मी तो शब्द खोडला. दुसरा सुचेना. रकाना कोरा राहिला.

शेजारच्या मोठ्या हाडाचं तसं नव्हतं. टिबिया, आपली नडगी. मटण खाणाऱ्या घरात नळी कुणाच्या ताटात पडली यावरून भांडणं होतात. लॅटिनमध्ये टिबिया म्हणजे फुंकायचं वाद्य. पुस्तकं बासरी म्हणतात, पण त्याला तोंडाशी पत्ती असायची, म्हणजे जात सनईची. पोकळ हाड आणि पोकळ वाद्य, दोघांना नाव एकच. बेळगावचं जुनं नाव शिलालेखांत वेणुग्राम असं येतं, वेणू म्हणजे वेळू, बांबू, आणि त्याची बासरीही. तेव्हा नडगी आपटली की आम्हा बेळगावकरांनी थोडं सुरात ओरडायला हरकत नाही.

ग्रीक आणि लॅटिनचं नातं मला नीट कळलं ते मात्र शनिवारच्या बाजारात. आमच्या आजीचं अख्खं आयुष्य मराठीत गेलं, पण बाजारात भाव करायची ती कन्नडमध्ये. "हत्तू? इप्पत्तू? येन री!" घासाघीस कन्नड, आणि घरी आल्यावर सडका टोमॅटो निघाला की शिव्या मराठी. कुणी तिला हा नियम शिकवला नव्हता. डॉक्टरी भाषेतही अशीच वाटणी आहे. अवयव धडधाकट असेल तर नाव बहुतेक लॅटिन, आणि आजारी पडला की ग्रीक. मूत्रपिंडाला लॅटिन 'रेन', म्हणून रीनल आर्टरी. पण सुजलं की नेफ्रायटिस, कारण ग्रीक 'नेफ्रोस'. फुप्फुसाचं नाव पल्मोनरी, पण त्यात कफ भरला की न्यूमोनिया. कातडी क्युटिस, पण डॉक्टर डर्मॅटॉलॉजिस्ट. म्हणजे माल लॅटिन, दुखणं ग्रीक. (आपण दोन्ही सोडून किडनी म्हणतो आणि मोकळे होतो.)

असं का, तर ग्रीकांनी आधी चिरून बघितलं. इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाच्या वैद्यानं माणसाची प्रेतं उघडून पाहिली. जठराच्या पुढचा आतड्याचा तुकडा त्यानं बोटं आडवी लावून मोजला, बारा बोटं भरला. ग्रीकमध्ये नाव पडलं 'बारा बोटी'. पुढे तेच लॅटिनमध्ये ड्युओडेनम झालं, ड्युओडेनी म्हणजे बारा-बारा. हे वहीत लिहिताना माझा हात थांबला, कारण आपल्याकडंही बारा अंगुळं म्हणजे एक वीत. मी पोटावर वीत धरून बघितली. हेरोफिलसचं ड्युओडेनम म्हणजे सरळ सरळ वीतभर आतडं.

रोमन लोक आले तोवर वैद्यकी ग्रीकमध्ये मुरलेली होती. पहिल्या शतकात सेल्ससनं लॅटिनमध्ये वैद्यकावर लिहिलं, तर पानोपानी त्याला थांबून सांगावं लागलं की ग्रीक याला असं म्हणतात. दुसऱ्या शतकातला गॅलेन राहिला रोममध्ये, राजवैद्य झाला, लिहिलं मात्र ग्रीकमध्येच. मग हे ज्ञान अरबीत गेलं, अरबीतून पुन्हा लॅटिनमध्ये आलं, आणि या फेऱ्यांत सामानाची अदलाबदल झाली. मेंदूच्या आवरणांना अरबी वैद्य 'आई' म्हणायचे. लॅटिनवाल्यांनी आई उचलली, मातेर, म्हणून ड्युरा मेटर म्हणजे कडक आई. आतलं आवरण अरबीत पातळ आई होतं, ते भाषांतरात पिया मेटर, भाविक आई झालं. एक कडक, एक भाविक. आमच्या गल्लीतल्या दोन जावा आठवल्या. शेवटी १५४३ मध्ये इटलीतल्या पादुआत शिकवणाऱ्या वेसालियसनं स्वतः चिरफाड करून केलेला मोठा ग्रंथ स्वित्झर्लंडमधल्या बासेलला छापला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. तोवर नावांची अशी खिचडी झालेली होती की कुठला तांदूळ कुठल्या पोत्यातला ते सांगणं मुश्कील.

खिचडीत माझंही तोंड एकदा पोळलंय. इंटर्नशिपमध्ये म्हैसूरकडून नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेल्या एक बाई पेशंट होत्या. म्हणाल्या, "मंडी नोवु." नोवु म्हणजे दुखणं एवढं मला येत होतं. मंडी म्हणजे मांडी, सोपंच आहे. मी छान शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दहा मिनिटांचा गजर लावला. बाई फार सभ्य. दहा मिनिटं गप्प बसून शेक घेतला. गजर वाजल्यावर हळूच गुडघ्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "मंडी, मंडी." तिकडच्या कन्नडमध्ये मंडी म्हणजे गुडघा. आमच्याकडचे कन्नड लोक गुडघ्याला मोणकाल म्हणतात आणि दुखण्याला ब्यानी, म्हणून हा शब्द माझ्या कानावरून कधी गेलाच नव्हता. रूममेट पडद्याआड तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

त्या रात्री वहीत मंडी-मांडीची नोंद करताना शेजारी कॉक्सा दिसलं. लॅटिन कॉक्सा म्हणजे खुबा. त्याचा भाऊबंद संस्कृत कक्ष, आणि कक्षची मराठी काख. एकाच शब्दानं रोममध्ये खुब्यात घर केलं आणि इकडं बगलेत. ग्रीक 'पेखुस' म्हणजे कोपरापासूनचा हात, आणि त्याचाच भाऊ आपला बाहू. शब्द अंगावरून असे वरखाली सरकत राहतात, मुंगीसारखे. शतकानुशतकं लोकांनी चुकीच्या जागी शेक दिला असणार. मला जरा बरं वाटलं.

आता पोटरी. वहीतलं माझं सगळ्यात लाडकं पान. गॅस्ट्रोक्नेमियस हा स्नायू तोंडपाठ करताना जीभ अडखळते, पण ग्रीकमध्ये 'गास्टेर' म्हणजे पोट आणि 'क्नेमे' म्हणजे नडगी. नडगीचं पोट. मराठी पोटरीतही पोटच आहे. आमच्याकडं ज्वारीचं कणीस बाहेर पडायच्या आधी वरचं पान फुगतं, तेव्हा शेतकरी म्हणतो, जोंधळा पोटरीला आला. ते पान बोटांनी हळूच दाबून बघा, आत भरीव, ओलसर, गरोदर काहीतरी लागतं. पायाच्या पोटरीला चवड्यावर उभं राहून हात लावला तर हाताला तेच लागतं. ग्रीकांनी पोट बघितलं, आपण पोट बघितलं आणि शेतातही नेलं. मी हे सगळं रूममेटला उत्साहानं सांगत होते. ती म्हणाली, आम्ही पोट नाही बघितलं, आम्ही मासा बघितला. कन्नडमध्ये पोटरीला मीनखंड म्हणतात. मीन म्हणजे मासा, खंड म्हणजे मांसाचा तुकडा. तिनं स्वतःचा पाय उचलून कॉटच्या दांडीवर ठेवला, चवडा वरखाली केला, आणि खरंच, कातडीखाली एक जाडसर मासा वळला. त्या दिवसापासून मला पोटरीत पोट दिसणं कमी झालं. मासाच दिसतो.

डोळ्याच्या बाबतीत मात्र भांडण नाही. ग्रीक 'कोरे' म्हणजे मुलगी आणि बुबुळातलं काळं भोकही. लॅटिन 'पुपिल्ला' म्हणजे लहान बाहुली, त्याचा प्युपिल झाला. संस्कृत कनीनिका म्हणजेही लहान मुलगी. मराठी बाहुली. कन्नड कण्णिन पापे, पापे म्हणजेही बाहुलीच. समोरच्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलंच एवढंसं चित्र दिसतं, ती ही बाहुली. यासाठी चिरफाड लागत नाही, कुणाच्या तरी इतकं जवळ जावं लागतं फक्त.

पक्षी पण आहेत. खांद्याच्या पुढच्या बाजूला हाडाचा एक आकडा असतो, कोराकॉइड, म्हणजे कावळ्यासारखा, 'कोराक्स' म्हणजे कावळा. आणि पाठीच्या तळाशी कॉक्सिक्स, ग्रीक 'कोक्कुक्स', म्हणजे कोकिळेच्या जातीचा पक्षी. त्या हाडाचा आकार त्याच्या चोचीसारखा. कोक्कुक्स, कोकीळ, कन्नड कोगिले, सगळ्यांनी पक्ष्याचा आवाजच नाव म्हणून ठेवला. मराठी माणसानं मात्र कविता बाजूला ठेवली आणि म्हणाला, माकडहाड. शेपूट होतं, गेलं, बुडखा राहिला. मला वाटतं, इथं आपण ग्रीकांना सरळ हरवलंय.

चुकाही नावांत गोठून राहतात. आर्टरी हा शब्द ग्रीक 'आर्टेरिआ'वरून, आणि त्याचा जुना अर्थ श्वासनलिका. मेलेल्या शरीरात धमन्या रिकाम्या दिसतात, रक्त शिरांत साठतं. म्हणून एरासिस्ट्रॅटस या ग्रीक वैद्यासारख्या हुशार माणसालाही वाटलं की धमन्यांतून प्राणवायूसारखं काहीतरी खेळतं. गॅलेननं जिवंत जनावराची धमनी दोन्हीकडून बांधून मधे कापून दाखवली, आत रक्तच होतं. चूक सुधारली, नाव तेच राहिलं. खऱ्या श्वासनलिकेला वेगळं ओळखायला तिला 'खडबडीत आर्टरी' म्हणायला लागले, पुढे 'आर्टरी' गळालं आणि नुसतं खडबडीत उरलं, ट्रेकिया. हे वाचून मी हसले, मग धमनी शब्दाकडं बघितलं आणि हसू गेलं. धम् म्हणजे फुंकणे. लोहार भाता मारतो ती क्रिया. चरकसंहितेत 'ध्मानात् धमन्यः' अशी फोडच दिलेली आहे. म्हणजे फुंकणं आपल्याही शब्दात बसलंय. आता मनगटावर नाडी बघताना बोटांखाली कधीकधी भाताच लागतो, त्याला मी तरी काय करू?

वही अजून आहे, क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये. तिचा उपयोग पडेल असं वाटलं नव्हतं, पण गेल्या पावसाळ्यात पडला. साठीच्या एक मावशी मुलाबरोबर आल्या. उजवं पाऊल उचलत नव्हतं. चालताना चवडा खाली लोंबायचा, पाय उंच उचलून टाकावा लागायचा, आणि चप्पल दर दोन पावलांना मागं राहायची. भुईमुगाची भांगलण काढायला सलग तीन दिवस उकिडव्या बसल्या होत्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, फिब्युलाच्या मानेला वळसा घालून एक नस खाली जाते. तिथं तिच्यावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दाबली जाते. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांना हे होतं म्हणून तिकडं या दुखण्याला त्यांचंच नाव पडलंय. भांगलणाऱ्यांचं नाव कुणी दिलेलं नाही.

मुलगा फाईल उघडून बसला होता, चेहरा उतरलेला. "बाई, डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिवलंय पेरोनियल नस गेली. नसांची तपासणी केली, त्या रिपोर्टात फिब्युलर नस गेली म्हणून आलंय. दोन नसा गेल्या काय हो?"

नस एकच. ग्रीक 'पेरोने' म्हणजे कपडा अडकवायची पिन, तिचं पेरोनियल. लॅटिन 'फिबुला' म्हणजेही तीच पिन, तिचं फिब्युलर. १८९५ मध्ये बासेलला शरीरशास्त्रज्ञांनी जगभरच्या नावांची पहिली अधिकृत यादी केली, १९९८ मध्ये नवी यादी आली, तिच्यात फिब्युलरला पहिला मान दिला. पेरोनियल आणि जवळपास तसंच ऐकू येणारं पेरिनियल, ते वेगळ्याच जागेचं, यांचा गोंधळ व्हायचा म्हणूनही ते बरं झालं. जुने डॉक्टर जुनं लिहितात, मशीनवाले नवं छापतात. हे सगळं मी मुलाला थोडक्यात सांगितलं. त्यानं फाईल मिटली.

"म्हंजे आमचं बेळगाव-बेळगावीच की हे."

"तसंच," म्हटलं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला कागदोपत्री नाव बदललं, पण त्याच्या आईच्या तोंडी ते बेळगावच आहे आणि बस तिला तिथंच आणून सोडते.

मावशींना मात्र यातलं काही पटलं नव्हतं. हाडाचं नाव पिन कशाला? मी इकडंतिकडं बघितलं. त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या आणि त्यांत अडकवलेल्या तीन सेफ्टीपिना, आमच्याकडच्या बायकांच्या हातात असतात तशा. त्यातली एक मी मागून घेतली आणि उघडली. हा जाड दांडा, ही तुमची नडगी. ही शेजारची बारीक तार, हे ते हाड. वर एकत्र, खाली एकत्र, मधे फट. मावशींनी पिन डोळ्यांजवळ नेली, स्वतःचा पाय बघितला, परत पिन बघितली.

"खरंच की गं. मग माझी पिन गंजली म्हणायची."

त्या रात्री वहीतल्या कोऱ्या रकान्यात मी 'पिन' लिहिलं आणि फोटो काढून रूममेटला पाठवला. ती आता हुबळीला असते. तिनं हसण्याच्या चार खुणा पाठवल्या आणि विचारलं, कन्नड रकान्यात काय लिहू? कन्नडमध्येही पिन पिनच.

मावशींचं पाऊल दोन महिन्यांत हळूहळू उचलायला लागलं. शेवटच्या दिवशी त्या दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत चालून आल्या. चप्पल दोन्ही वेळा पायातच. मी फाईलवर सही करत होते.

"सही बिही राहू दे," त्या हात पुढं करून म्हणाल्या, "माझी पिन दे आधी. त्या दिवशी ठेवून घेतलीस ती."